लहान स्वयंपाकघराचा फ्लॅट घ्यावा का? घेतलाच तर आताच काय बदलून घ्यावे?

कुळागराची_लेक :

नमस्कार. गोव्यातल्या फोंड्यात आम्ही दोन बेडरूमचा एक फ्लॅट पाहिला आहे. घरात आम्ही दोघे, सासूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी. उजेड आणि वारा भरपूर आहे, बाजार व बसस्थानक पायी जाण्याच्या अंतरावर आहे, किंमतही आमच्या आवाक्यातली आहे. अडते आहे ते फक्त स्वयंपाकघरापाशी.

नकाशावर त्याचे माप सात फूट बाय आठ फूट दाखवले आहे. हॉलमधून आत येणारे दार सात फुटी भिंतीच्या साधारण मधोमध आहे आणि त्याच्या समोरच्या भिंतीत खिडकी आहे. डावीकडची आठ फुटी भिंत कोरी असून पलीकडे शेजाऱ्यांचा फ्लॅट आहे. उजवीकडच्या आठ फुटी भिंतीच्या मध्यभागी युटिलिटी बाल्कनीचे अडीच फुटी दार येते. बाल्कनी अरुंद असली तरी तिथे कपडे धुण्याचे यंत्र आणि नळ यांची सोय आहे. इमारतीचे स्लॅब पूर्ण झाले आहेत, विटांच्या भिंती चालू आहेत, प्लास्टर व टाइल्स अजून व्हायच्या आहेत.

आमच्याकडे रोज मासळी असते, रोज नारळाचे वाटप (वाटण) होते, सासूबाईंना सकाळी उकड्या तांदळाची पेज लागते आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) दिरांची कुटुंबे आमच्याकडेच जेवायला असतात. एवढ्या जागेत हे सारे निभेल का, आणि निभणार असेल तर बांधकाम या टप्प्यावर असताना बिल्डरकडे कोणते बदल मागावेत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

मापपट्टी :

ताई, तुम्ही योग्य वेळी विचारले आहे. टाइल्स बसल्यानंतर हाच प्रश्न विचारणाऱ्यांना निम्मी उत्तरे निरुपयोगी ठरतात.

आधी क्षेत्रफळाबद्दल सांगतो. सात बाय आठ म्हणजे छप्पन्न चौरस फूट, अर्थात सुमारे ५.२ चौरस मीटर. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत स्वयंपाकघरासाठी किमान ५ चौरस मीटर क्षेत्र आणि किमान १.८ मीटर रुंदी सुचवलेली आहे. साठवणीची वेगळी खोली असेल तर ४.५ चौरस मीटर चालते आणि तिथेच जेवणाची जागा धरली तर ७.५ चौरस मीटर लागते. म्हणजे तुमचे स्वयंपाकघर नियमाच्या दृष्टीने तोकडे नाही, ते किमान मर्यादेच्या जरा वर आहे. मात्र नकाशावरचे माप विटांच्या भिंतींचे आहे की तयार पृष्ठभागाचे, हे लेखी विचारून घ्या. प्लास्टर, टाइल्स आणि त्यांच्यामागचा थर धरला तर समोरासमोरच्या भिंतींमध्ये दीड-दोन इंच कमी होतात, आणि इतक्या लहान खोलीत फ्रिज बसणे न बसणे तेवढ्यावर ठरते.

माझ्या मते पाहायचे ते क्षेत्रफळ नव्हेच. दारे, खिडकी आणि पाइपांचे डक्ट वगळल्यावर भिंतीची अखंड लांबी किती उरते ते पाहावे. ऐंशी चौरस फुटांच्या खोलीला तीन दारे असली तर तिच्यात धड ओटा होत नाही. दारे नीट जागी असलेल्या पन्नास चौरस फुटांत चार माणसांचा स्वयंपाक सुखाने होतो.

आता तुमचा नकाशा घेऊ. डावीकडच्या कोऱ्या भिंतीला आणि खिडकीच्या भिंतीला धरून दोन फूट खोलीचा काटकोनी ओटा करा. बाल्कनीचे दार आठ फुटी भिंतीच्या बरोबर मध्यावर असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना पावणेतीन फूट उरतात. खिडकीकडच्या पावणेतीनपैकी दोन फूट ओट्याच्या खोलीत जातात आणि नऊ इंचांची एक निरुपयोगी फट राहते. तेच दार खिडकीकडे अर्धा फूट सरकवले तर अलीकडे सव्वातीन फूट अखंड भिंत मिळते. तिथे फ्रिज आणि त्याच्या शेजारी फूटभर रुंदीचे, जमिनीपासून वरपर्यंत जाणारे कपाट बसते. विटांच्या भिंतीचे काम चालू असताना हा बदल अगदी किरकोळ आहे, म्हणून तो आजच मागा.

खाडीकाठ :

मी थोडे वेगळे मत मांडतो. ज्या घरात रोज वाटप होते त्या घराने स्वयंपाकघरात तडजोड करू नये. बेडरूममध्ये आपण झोपण्यापुरते जातो. स्वयंपाकघरात घरातली किमान एक व्यक्ती दिवसातून पाच-सहा तास उभी असते आणि ती व्यक्ती बहुधा आई, सासू किंवा सून असते. फ्लॅटचा नकाशा काढताना हॉल मोठा दिसावा म्हणून स्वयंपाकघराचे दोन फूट कापले जातात आणि पाहायला आलेले आपणही हॉलच पाहून खूश होतो. म्हापसा किंवा डिचोलीच्या बाजूला जुनी बैठी घरे अजून विकत मिळतात. त्यांच्या स्वयंपाकघरात चूल, रगडा, पाट, पाण्याची भांडी हे सगळे मांडूनही माणसांना बसायला जागा उरते. घाई नसेल तर तसे घर पाहा, असा माझा सल्ला आहे.

कुळागराची_लेक :

खाडीकाठ दादा, तुमचे म्हणणे मनाला पटते. पण सासूबाईंना दवाखाना जवळ हवा आहे आणि मुलीची शाळा फोंड्यात आहे. शिवाय जुन्या घराचे छप्पर, वाळवी आणि मालकीची कागदपत्रे यांकडे पाहायला आमच्या दोघांच्या नोकऱ्यांमुळे सवड होणार नाही.

रेषा_आणि_उजेड :

मी वास्तुकला शिकवते. लहान स्वयंपाकघर म्हणजे वाईट स्वयंपाकघर, या समजुतीला उत्तर देणारे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात मोठ्या प्रमाणावर घरबांधणी चालू असताना मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने १९२६ मध्ये एक स्वयंपाकघर आखले. ते सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते, म्हणजे ताईंच्या स्वयंपाकघरापेक्षा थोडेसेच मोठे. आगगाडीच्या भोजनडब्यातील चिंचोळ्या स्वयंपाकघराचा तिने बारकाईने अभ्यास केला होता. काम करणाऱ्या बाईची पावले मोजून ओटा, मोरी आणि कपाटे यांच्या जागा ठरवल्या, पीठ-साखर-तांदूळ यांच्यासाठी धरून ओतता येतील असे ॲल्युमिनियमचे खण केले, आणि खिडकीशी बसून चिरण्यासाठी फळी दिली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात बसवली गेली. आज ज्याला आपण मॉड्यूलर म्हणतो त्याची सुरुवात पुष्कळ अंशी तिथे झाली.

परंतु त्या स्वयंपाकघरावर पुढे टीकाही झाली, आणि ती आपण ध्यानात घ्यायला हवी. ते एकट्या बाईसाठी आखलेले होते. दुसरी व्यक्ती मदतीला आली की अडचण होई, आणि काम करणारी बाई घरापासून तुटून जाई. आपल्याकडे सासूबाई नारळ खवत असतात, सून फोडणी देत असते आणि मुलगी पाणी प्यायला येते. म्हणून तुमच्या खोलीत कपाटांची संख्या वाढवण्यापूर्वी दोन गोष्टी राखून ठेवा: ओटा आणि फ्रिज यांच्यामध्ये पावणेतीन फुटांची मोकळी वाट, आणि एका माणसाला बसून काम करता येईल अशी जागा. या दोन्ही राहिल्या तर खोली लहान वाटणार नाही.

ओट्याच्या उंचीबद्दलही सांगते. उभे राहून कोपर वाकवले असता कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा असावा. पाच फूट उंचीच्या बाईला बत्तीस-तेहतीस इंच पुरतात, पण कंत्राटदार सवयीने सगळीकडे चौतीस-पस्तीस इंच धरतात. त्यावर शेगडीची उंची चढली की मोठ्या टोपातले ढवळताना खांदा वर उचलावा लागतो. घरात मुख्य स्वयंपाक कोण करते ते पाहून तिच्या मापाने ओटा करून घ्यावा.

रंधा :

मी सुतारकामाच्या धंद्यात आहे, त्यामुळे लाकडाविषयी लिहितो. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि चार महिने हवेत ओल असते. अशा हवेत पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफची कपाटे मोरीखाली लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. कडेची पट्टी सुटली की आत पाणी शिरते, फळी फुगते आणि बिजागरीचे स्क्रू धरत नाहीत. ओट्याखालच्या कपाटांना आयएस ७१० चा, म्हणजे ओलीत टिकणाऱ्या प्लायवूडच्या भारतीय मानकाचा, शिक्का असलेले प्लायवूड घ्यावे. मोरीखाली तर लाकूडच नको. तिथे ॲल्युमिनियमची चौकट आणि पाण्याने न बिघडणारी दारे बरी. बिजागऱ्या आणि सरकते रूळ ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे मागा. फोंडा समुद्रापासून आत आहे म्हणून खारा वारा तितका लागत नाही, पण पावसाळी ओल सगळीकडे सारखीच.

लहान स्वयंपाकघरात ओट्याखाली साध्या फळ्या ठेवू नयेत. दोन फूट खोल फळीच्या मागच्या अर्ध्या भागातला डबा काढायला गुडघ्यावर बसावे लागते आणि वर्षभराने तो डबा विसरला जातो. त्याऐवजी पूर्ण बाहेर येणारे ओढखण करा. भिंतीवरची कपाटे मात्र फूटभर खोलीचीच ठेवा आणि ओट्यापासून दीड-दोन फूट वर घ्या, नाहीतर मिक्सरचे झाकण उघडताना कपाट आड येते. खाली कपाटांना चार इंचांचे पाय द्या आणि पुढची पट्टी काढता येईल अशी ठेवा, म्हणजे आतून पुसता येते.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. आपल्याकडे ओट्याला पेचाने आवळायची खवणी वापरतात. मॉड्यूलर करणारे लोक ओट्याचा दगड आणि खालची दारे एका रेषेत आणतात, ते दिसायला सुबक असते, पण मग खवणीचा पेच आवळायला ओठच उरत नाही. एका ठिकाणी तरी, फूटभर लांबीत, दगड दारांच्या दीड इंच पुढे काढून घ्या आणि त्याच्या खाली ओढखण न ठेवता उघडी जागा ठेवा. त्या टोकाला दगडाची धार गोल न करता सपाट ठेवायला सांगा, कारण गोल धारेवर खवणी घसरते.

सांजदिवा :

रंधा दादांनी खवणीचे सांगितले ते फार मोलाचे आहे. आमच्या सासूबाई मात्र आदोळीवरच, म्हणजे जमिनीवर बसून वापरायच्या विळीवरच, नारळ खवतात, त्यांना उभ्याने जमत नाही. ज्यांच्या घरी आदोळी आहे त्यांनी बाल्कनीच्या दाराजवळ जमिनीवर दोन बाय तीन फूट जागा मोकळी ठेवावी. तिथे फ्रिजचे दार उघडत असेल तर खवणारीला दर वेळी उठावे लागते.

फ्रिजविषयीही लिहिते. फ्रिज भिंतीच्या कोपऱ्यात चिकटून बसला तर दार काटकोनापलीकडे उघडत नाही आणि भाजीचा खण पूर्ण बाहेर येत नाही. दार ज्या बाजूला उघडते त्या बाजूला चार-पाच इंच सोडावेत. मापपट्टी काकांनी सांगितलेले फूटभर कपाट फ्रिज आणि कोपरा यांच्यामध्ये घेतले तर हा प्रश्न आपोआप सुटेल.

फुर्सादी :

भिंत पाडून खुले स्वयंपाकघर का करत नाही? हॉल आणि स्वयंपाकघर एक झाले की जागा दुप्पट वाटते, आणि काम करणाऱ्याला घरातल्यांशी बोलताही येते. रेषाताईंनी सांगितलेला एकटेपणाही राहणार नाही.

सांजदिवा :

रोज बांगडे तळणाऱ्या घरात खुले स्वयंपाकघर नको, असे मला वाटते. पावसाळ्यात खिडक्या बंद असतात, तेव्हा तळणीचा वास पडद्यांत आणि गाद्यांत बसतो तो दोन दिवस जात नाही. सोमवारी, गुरुवारी आणि श्रावणात शिवराक (शाकाहार) पाळणाऱ्या वडीलधाऱ्या माणसांना त्याचा त्रास होतो.

मापपट्टी :

भिंतीविषयी तांत्रिक खुलासा करतो. इमारत खांब आणि तुळयांच्या चौकटीवर उभी असेल तर मधली विटांची भिंत भार घेत नाही, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी संमतीने तिच्यात बदल करता येतो. परंतु काही नव्या इमारतींत ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंतीच काँक्रीटच्या ओततात. त्या पाडता तर येत नाहीतच, त्यांच्यात नळासाठी खाचाही मारू नयेत. ताईंच्या इमारतीत विटांचे काम चालू आहे, म्हणजे तिथे तो प्रश्न दिसत नाही.

दोघांच्या म्हणण्यातला मधला मार्ग असा: हॉल आणि स्वयंपाकघर यांमधल्या भिंतीत ओट्याच्या उंचीच्या वर, तीन फूट रुंदीची सरकत्या काचेची खिडकी ठेवावी. तळण असताना ती बंद, एरवी उघडी. जेवणाचे टेबल हॉलमध्ये त्या खिडकीला लागून ठेवले तर वाढतानाचा फेराही वाचतो. तुमच्या नकाशात दाराच्या डाव्या बाजूला, जिथे ओटा संपतो तिथे दोनच फूट मिळतील. तेवढीही पुरेशी आहे.

आगबोट :

गॅसचे कोणी लिहिले नाही. घरगुती सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर ओट्याखालच्या बंद कपाटात ठेवायचा असेल तर त्या कपाटाच्या दाराला खालच्या बाजूस जाळी हवीच. त्याहून चांगले म्हणजे १४.२ किलोचे दोन्ही सिलिंडर युटिलिटी बाल्कनीत उभे ठेवावेत, तांब्याची नळी बाहेरून दिसेल अशी आत आणावी आणि बंद करण्याची चावी शेगडीजवळ हाताला येईल अशी ठेवावी. त्यामुळे ओट्याखाली दोन फूट रुंदीची जागा मोकळी होते, आणि लहान स्वयंपाकघरात ती फार मोठी आहे. रबरी नळी पाच वर्षांनी न चुकता बदलावी. गोव्यात काही भागांत नळाने नैसर्गिक वायू येऊ लागला आहे. तो हवेपेक्षा हलका असतो, वर साचतो, म्हणून पुढे ती जोडणी घ्यायचा विचार असेल तर छताजवळही हवा जाण्याची वाट असू द्या.

चिमणीसाठी बाहेर हवा टाकणारी नळी लागते, तिचे सहा इंचांचे भोक टाइल्स बसण्यापूर्वीच पाडून घ्या. नळीला वळणे जितकी कमी तितकी ओढ चांगली. शेगडी डाव्या भिंतीला ठेवलीत तर नळी एका वळणात खिडकीच्या भिंतीतून बाहेर जाईल. ती भिंत नैर्ऋत्येकडे असेल तर जूनपासूनचा वाऱ्यासह येणारा पाऊस नळीतून उलटा शिरतो, त्यासाठी बाहेरच्या तोंडाला झडप आणि टोपी बसवावी. केवळ कोळशाच्या गाळणीतून हवा फिरवून पुन्हा आत सोडणारी चिमणी मासळीच्या घराला पुरत नाही.

साळावलीकाठ :

मासळी साफ करण्यासाठी बाल्कनीत वेगळे सिंक घ्या. खोल हवे, उथळ सिंकमध्ये खवले उडतात. त्याला खाली खवले अडवणारी जाळी आणि वर नळ भिंतीतून काढलेला, एवढेच पुरे. आतल्या मोरीत मग मासळी येतच नाही आणि चवथीच्या दिवसांत आतली भांडी व जागा सोवळ्याची ठेवता येते.

मडगावची_वही :

आम्ही मडगावचे. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी केल्याशिवाय आमच्या घरी पावसाळा सुरू होत नाही, आणि लहान स्वयंपाकघर खऱ्या अर्थाने तोकडे पडते ते याच वेळी. रोजच्या स्वयंपाकाला छप्पन्न फूट पुरतील. पण उकडे तांदूळ, मिरच्या, सोले (आमसुले), मीठ, चिंच, कांद्यांच्या माळा, सुके बांगडे आणि सुकट हे सगळे कुठे ठेवणार? फ्लॅटच्या नकाशात या बेगमीसाठी कुणी जागाच धरत नाही.

आम्ही असे केले आहे. बेगमीतला कोरडा आणि बिनवासाचा भाग, म्हणजे तांदूळ, मीठ, साखर, हा स्वयंपाकघराबाहेरच्या पॅसेजवरील माळ्यावर. माळा दोन फूट खोलच ठेवला, त्याहून खोल माळ्यावरचे मागचे सामान कुणी काढत नाही. तांदळाचे पिंप मात्र जड असते म्हणून ते वर न चढवता ओट्याच्या काटकोनातल्या आंधळ्या कोपऱ्यात ठेवले. त्या कोपऱ्यासाठी महागडी फिरती जाळी घेण्याचा आग्रह दुकानदार करतात. आम्हाला तिची गरज वाटली नाही, कारण पिंप आठवड्यातून एकदाच उघडावे लागते. कांद्यांच्या माळांना वारा हवा, बंद कपाटात त्यांना कोंब फुटतात, म्हणून बाल्कनीच्या छताला पावसाची झड लागणार नाही अशा बाजूस कड्या बसवून घेतल्या आहेत. स्लॅब झाला असला तरी छताचे प्लास्टर होण्यापूर्वी त्या बसवून घेणे सोपे जाते. मिरच्या कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावर, घट्ट झाकणाच्या बरण्यांत. सुकी मासळी दोन झाकणांच्या डब्यात, आणि तो डबा घरात न ठेवता बाल्कनीच्या कपाटात.

पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला धान्याचे कपाट लावू नये. पावसात ती भिंत ओल धरते आणि कपाटाची पाठ बुरसते. लावावेच लागले तर मागे दोन बोटांची फट सोडावी.

हिशेबी :

कागदपत्रांकडे लक्ष वेधतो, कारण बदल तोंडी मान्य करून घेणे धोक्याचे असते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार, म्हणजे ज्याला आपण रेरा म्हणतो त्यानुसार, चटई क्षेत्रात आतल्या भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरल्या जात नाहीत. तेव्हा स्वयंपाकघर लहान आहे पण बाल्कनी आहे ना, असे समजावून चटई क्षेत्राच्या दराने बाल्कनीचे पैसे कोणी लावत असेल तर विचारणा करा. नोंदणीकृत विक्रीकरार करण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास या कायद्याने मनाई आहे. दार सरकवणे, भोके, सिंक, विजेचे पॉइंट हे सर्व मापांसह आकृतीत दाखवून ती आकृती कराराला जोडा.

बाल्कनी काचेने किंवा भिंतीने बंद करून स्वयंपाकघरात मिळवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतील. मंजूर नकाशात ती बाल्कनी असेल तर परवानगीविना बंद करू नका. पुढे घर विकताना किंवा कर्ज घेताना प्रत्यक्ष घर आणि मंजूर नकाशा जुळत नाही हे उघड होते. ताबा घेताना भोगवटा दाखला पाहाच.

खाडीकाठ :

ही सर्व चर्चा वाचून माझे मत थोडे बदलले आहे. बाल्कनीत सिंक आणि सिलिंडर गेले, बेगमी पॅसेजवर गेली, तर आत फक्त स्वयंपाक उरतो, आणि तेवढ्याला ही खोली पुरेल असे दिसते. मात्र बाल्कनी अरुंद आहे असे ताईंनी लिहिले आहे. कपडे धुण्याचे यंत्र, दोन सिलिंडर, सिंक आणि कांद्यांच्या माळा हे सगळे एकाच बाल्कनीवर लादण्यापूर्वी तिचे माप सांगावे.

कुळागराची_लेक :

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही सासूबाईंना घेऊन बांधकामावर जाऊन आलो. मुकादमाच्या परवानगीने जमिनीवर खडूने ओटा, फ्रिज आणि दार यांची मापे आखली आणि सासूबाईंना तिथे वावरून पाहायला सांगितले. त्यांनी आधी मोरीच्या जागी उभे राहून पाहिले, मग वळून शेगडीच्या जागी, आणि वाट पुरेशी आहे असे त्या म्हणाल्या. आदोळीची जागा त्यांनी स्वतःच निवडली, बाल्कनीच्या उंबरठ्याच्या आत, जिथे बाहेरचा उजेड पडतो.

खाडीकाठ दादा, बाल्कनी साडेतीन फूट रुंद आणि आठ फूट लांब आहे. एका टोकाला यंत्र आणि त्याच्या शेजारी सिंक, दुसऱ्या टोकाला सिलिंडर, असे बसते. मधला अडीच फुटांचा भाग दारासमोर मोकळा राहतो.

बिल्डरने दार अर्धा फूट सरकवण्याचे, चिमणीचे भोक आणि बाल्कनीत सिंकसाठी नळ व सांडपाण्याची नळी देण्याचे मान्य केले आहे आणि हिशेबी यांनी सांगितल्याप्रमाणे ते आकृतीसह करारात घालायला तो तयार आहे. भिंतीतल्या खिडकीसाठी वेगळे पैसे मागितले आहेत, त्यावर बोलणी चालू आहेत. फ्लॅट घ्यायचा असे आमचे ठरले आहे.

आता राहिलेले दोन प्रश्न: विजेचे पॉइंट कुठे आणि किती घ्यावेत? आणि मोरी खिडकीखाली घ्यावी की बाजूला?

मापपट्टी :

अभिनंदन, ताई. मोरी खिडकीच्या भिंतीलाच, पण बाल्कनीकडच्या टोकाला घ्या, म्हणजे सांडपाण्याची नळी आखूड राहते आणि भांडी निथळायला डावा हात मोकळा मिळतो. खिडकी आत उघडणारी असेल तर उंच नळाला तिचे पाखे आपटते. त्यामुळे ती बाहेर उघडणारी घ्या किंवा नळ भिंतीतून न काढता बुटका, ओट्यावरचा घ्या. सरकती खिडकी निम्मीच उघडते, तेव्हा ती असेल तर वरच्या बाजूला एक्झॉस्ट पंख्यासाठी वेगळा चौकोन सोडून घ्यावा लागेल.

विजेसाठी ओट्याच्या वर आठ-दहा इंचांवर सोळा अँपिअरचे दोन पॉइंट घ्या, एक मिक्सर व ग्राइंडरसाठी आणि एक इंडक्शनसाठी, आणि दोन्ही मोरीपासून तीन फूट तरी लांब. फ्रिज, चिमणी, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आणि बाल्कनीतले यंत्र यांना प्रत्येकी स्वतंत्र पॉइंट. फ्रिजचा पॉइंट फ्रिजच्या पाठीमागे न घेता शेजारच्या फूटभर कपाटाच्या वर घ्या, म्हणजे फ्रिज भिंतीला जवळ बसतो आणि वाटेचे तीन इंच वाचतात. स्वयंपाकघराच्या तारांना मुख्य पेटीतून वेगळी वाट आणि गळती झाल्यास वीज तोडणारे उपकरण आहे का, तेही आकृतीवर लिहून घ्या.

रंधा :

आणि ओट्याचा दगड बसवण्याआधी खवणी सोबत घेऊन जा. पेच किती जाडीपर्यंत उघडतो ते मिस्त्रीसमोर लावून दाखवा. हल्ली ग्रॅनाइटच्या कडेला खालून दुसरी पट्टी चिकटवून जाडी वाढवतात. त्या फूटभर भागात ती पट्टी लावू नको, असे त्याला आधीच सांगून ठेवा.